चतुर, पतंग आणि नाँसीची काच



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी देवघराच्या दाराला नाहीतर हॉलच्या खिडकीला नक्षीची काच असते. काचवाला कॅटलॉग आणून दाखवतो आणि आपण त्यातून निवडतो. वेल, मोर, कमळ, कलश, फार तर हंसांची जोडी. आमच्याकडे काम चाललं होतं तेव्हा मी ते सगळं कॅटलॉग दोनदा चाळलं. त्यात एक फुलपाखरू होतं, तेही कुठल्याच जातीचं नाही, नुसतं शोभेचं. नाकतोडा नाही, चतुर नाही, दिव्याभोवती फिरणारा मातकट पतंग तर नाहीच. आणि फुलंही अशी, की ती कुठल्या झाडाला येतात हे कोणी सांगू शकणार नाही.

आज ज्याच्याबद्दल लिहायचं आहे, त्या माणसाने आयुष्यभर नेमकं उलट केलं. आपल्या गावाच्या रानात जे उगवतं आणि जे उडतं, तेच काचेवर कोरायचं, आणि असं कोरायचं की वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनाही नाव सांगता यावं. त्याचं नाव एमील गाले. गाव नाँसी, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लोरेन प्रांतातलं.

गालेचा जन्म १८४६ सालचा. त्याच्या आईच्या माहेरी काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार होता. वडील शार्ल त्या घरचे जावई झाले आणि त्यांनी तो धंदा वाढवला. म्हणजे मूळ दुकान आजोळचं, नाव मात्र वडिलांचं झालं. हे आपल्याला काही नवीन नाही. मुलगा लहानपणापासून रानात भटकायचा. नाँसीमध्ये गोद्रों नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, लोरेनच्या झाडाझुडपांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्याकडून गालेने झाडं ओळखायला शिकून घेतलं. पुढे जर्मनीत वायमारला शिक्षण झालं आणि मग मायझेंथाल नावाच्या खेड्यातल्या काचेच्या भट्टीवर तो उमेदवारी करू लागला.

हे वनस्पतींचं वेड नुसतं हौसेचं नव्हतं बरं का. १८७७ साली नाँसीत बागायतीची मध्यवर्ती संस्था निघाली, तिच्या स्थापनेत तो होता आणि तिचा चिटणीस म्हणून त्याने काम केलं. लोरेनमधल्या एका रानटी ऑर्किडची फुलं एकाच जातीत किती वेगवेगळी रूपं घेतात, यावर त्याने १९०० साली पॅरिसला भरलेल्या वनस्पतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध सादर केला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या काचेला आणि फर्निचरला सर्वोच्च पारितोषिकं मिळाली. काचेची भट्टी चालवणारा कारखानदार आणि ऑर्किडवर निबंध वाचणारा अभ्यासक, दोन्ही एकच माणूस. मला यातलं दुसरं पारितोषिकापेक्षा मोठं वाटतं.

आता, आपल्याच गावची झाडं का, हा प्रश्न. याचं उत्तर बागेत नाही, लढाईत आहे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध झालं. गाले स्वतः होऊन सैन्यात गेला. फ्रान्स हरला, आणि १८७१ च्या तहात अल्सास आणि लोरेनचा मेत्झकडचा भाग जर्मनीला द्यावा लागला. नाँसी फ्रान्समध्येच राहिलं, पण सीमेवरचं गाव झालं. तिकडून हजारो कुटुंबं घरदार सोडून नाँसीला आली. गालेने जिथे काच शिकली ते मायझेंथाल रातोरात परदेश झालं. गंमत म्हणजे त्याची काच पुढेही बरीच वर्षं तिथेच बनत राहिली. १८८५ मध्ये त्याने तिथल्या भट्टीशी रीतसर करार केला. १८९४ मध्ये नाँसीला स्वतःची भट्टी पेटेपर्यंत लोरेनची फुलं अंगावर घेतलेली त्याची भांडी जर्मन हद्दीतून येत होती.

अशा गावात काटेरी झुडूप कोरलं तरी त्याला अर्थ येतो. नाँसीच्या नगरचिन्हावर उंटकटाऱ्यासारखं एक काटेरी फूल आहे, पंधराव्या शतकातल्या एका विजयाच्या काळापासून. जो मला डिवचेल त्याला टोचल्याशिवाय मी राहणार नाही, असा त्याच्या ब्रीदवाक्याचा भाव. गालेने हे फूल काचेवर पुन्हा पुन्हा आणलं. दिसायला शोभेचं भांडं, पण नाँसीच्या माणसाने ते हातात घेतलं की त्याला काय ते कळायचं.

पण त्याचं लाडकं झाड वेगळंच होतं. ओढ्याकाठी उगवणारं, पुरुषभर उंच, वर पांढऱ्या फुलांची छत्री. आपण कोथिंबीर किंवा शेपू फुलावर गेलेला पाहिला असेल. काड्या एका बिंदूतून निघतात आणि वर बारीक फुलांचं ताट पसरतं. तेच कुटुंब. जिरे, ओवा, बडीशेप, हिंग हेही त्याच कुटुंबातले. म्हणजे गाजर वगळलं तर हे सगळं कुटुंब आपल्या मिसळणाच्या डब्यात बसलेलं असतं. लोरेनच्या शेतकऱ्याला ते झाड म्हणजे तण. गालेने त्या तणाला फुलदाणीवर चढवलं, खुर्च्यांच्या पाठींवर चढवलं, टेबलांच्या पायांना त्याचे देठ दिले.

आणि कीटक. युरोपात फुलं कोरण्याची परंपरा जुनीच होती, पण चतुर, टोळ, भुंगे, पतंग यांना मानाची जागा देण्याची वाट त्याला जपानने दाखवली. त्या काळी जपानी चित्रांची पुस्तकं पॅरिसला येऊ लागली होती. १८७८ च्या प्रदर्शनासाठी त्याने होकुसाईच्या चित्रसंग्रहावरून मासा घेतलेली फुलदाणी केली होती. पुढे १८८५ ते १८८८ या काळात ताकाशिमा होक्काई नावाचा जपानी अधिकारी वनशास्त्र शिकायला नाँसीला राहिला होता. तो स्वतः चित्रकार. दोघांची मैत्री झाली. गवताच्या एका पात्यावर बसलेला एक किडा, बाकी सगळं रिकामं, ही दृष्टी त्याने जपानकडून घेतली. किडा मात्र लोरेनचाच ठेवला.

आपल्या शास्त्रांत पतंग, माशी, भुंगा हे चतुरिंद्रिय जीव. डोळे आहेत, कान नाहीत. लहानपणी पाठशाळेत इंद्रियांची यादी पाठ करताना ज्या जीवांची नावं आपण घडाघडा म्हटली, त्यांच्याकडे थांबून कितींदा पाहिलं? गालेचा चतुर पाहिला की लक्षात येतं, या जीवाचं जवळजवळ सगळं डोकं म्हणजे डोळेच आहेत. आयुष्याच्या अखेरीला, १९०४ च्या सुमारास, त्याने चतुराचे काही चषक केले. काचेच्या अंगावर मोठा चतुर उठावात बसवलेला, अंग जड, पंख काचेत विरत गेलेले, आणि डोळे पाण्याच्या थेंबासारखे फुगीर. गाले तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने खंगत चालला होता.

हे काम कसं व्हायचं, ते थोडं सांगते, कारण त्यातच सगळी मेहनत आहे. आधी भट्टीतून नळीच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, समजा फिकट पिवळा. त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचं वेष्टण चढवायचं, कधी तिसऱ्याचंही. मग फुंकून आकार द्यायचा आणि हळूहळू थंड करायचं. घाई केली की तडा. झालेलं भांडं म्हणजे एकावर एक चढवलेले रंगांचे थर. मग वरचा थर जिथे हवा तिथे ठेवायचा, बाकीचा काढून टाकायचा. खालून पिवळं आकाश निघतं, वर तपकिरी पतंग राहतो. प्राचीन रोमन कारागिरांना हे येत होतं. चीनच्या छिंग काळातही अशी थरांची काच होत असे, आणि गालेने तिचा अभ्यास केला होता.

थर काढायच्या दोन रीती. एक ॲसिडची. जो भाग ठेवायचा त्यावर डांबरासारखा लेप लावायचा आणि भांडं हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये बुडवायचं. हे ॲसिड काच खातं, म्हणून ते काचेच्या बरणीत ठेवताच येत नाही. शिश्याच्या भांड्यात ठेवत असत. कातडीवर पडलं तर आत हाडापर्यंत उतरतं. दुसरी रीत चाकाची. तांब्याच्या छोट्या छोट्या चकत्या, काही तर मसुराएवढ्या, यंत्रावर फिरत असतात. त्यांवर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावतात. आणि कारागीर हत्यार काचेवर नेत नाही, काच त्या फिरत्या चकतीखाली धरतो. हातातलं भांडं जरा सरकलं की पतंगाची मिशी तुटली. आठवड्यांचं काम एका क्षणात गेलं. पंखांवरच्या शिरा, पायांवरची लव, हे सगळं चाकाचं काम. ॲसिडने ढोबळ आकार मिळतो, जीव चाकाने येतो.

गालेने दोन्ही रीती वापरल्या. मोठ्या कामांना चाक, आणि मध्यमवर्गाला परवडतील अशा भांड्यांना मुख्यतः ॲसिड. त्याचं म्हणणं, सुंदर वस्तू फक्त श्रीमंतांच्या कपाटात का राहावी? यावर जाणकार लोक नाक मुरडतात, ॲसिडच्या फुलदाण्यांना कारखान्याचा माल म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या बाईच्या घरात एकच फुलदाणी असेल, तिच्या फुलदाणीवर रानातलं खरं फूल असावं, यात वाईट काय?

मात्र आपल्या दृष्टीने एक गोष्ट खटकते, ती सांगूनच टाकते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत पहिलंच अंगारकर्म. रात्रंदिवस पेटलेल्या भट्ट्या, त्या उजेडाकडे झेपावणारे जीव, आणि त्याच भट्टीतून निघालेल्या काचेवर पतंगाची इतकी प्रेमाने काढलेली मूर्ती! हा विरोध कुठल्याही युक्तिवादाने मिटत नाही, आणि मी तो मिटवायलाही जाणार नाही.

त्याच्या दिव्यांपैकी एक फार प्रसिद्ध आहे, १९०२ च्या आसपासचा. तीन अळंबी, उंचीने वेगवेगळ्या, एक नुकती उगवलेली कळीसारखी, एक अर्धवट उघडलेली, एक पूर्ण पसरलेली. आत विजेचा दिवा. अळंबी आपल्या स्वयंपाकघरात येत नाहीत, तरी ही मी घरात ठेवली असती. ही जात फार अल्पायुषी, उगवते आणि थोड्याच वेळात शाईसारखी विरघळून जाते. बालपण, तारुण्य, म्हातारपण एका देठाच्या अंतरावर उभं केलेलं. अनित्य भावनेवर कितीतरी व्याख्यानं ऐकली, पण डोळ्यांना इतकं थेट क्वचितच दिसलं.

आणि तो पलंग. लाकडाचा आहे, पण काचेशिवाय त्याला अर्थ नाही. १९०४ मध्ये आंरी हिर्श नावाच्या न्यायाधीशाच्या लग्नासाठी केलेला, नाव ‘पहाट आणि सांज’. उशाकडे सांज आहे. अंधारलेल्या भूमीवर पंख खाली झुकवलेला एक प्रचंड पतंग. पायाकडे पहाट, दोन पतंग पंख वर उचलून समोरासमोर, आणि त्यांच्या मध्ये काचेचं एक अंडं. पंख शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेले आहेत (शिंपल्यातही दोन इंद्रियांचा जीव राहतो, हे आपल्याला विसरता येत नाही). झोपताना सांज उशाशी आणि जाग आल्यावर समोर पहाट, अशी ती मांडणी. नवऱ्या मुलीच्या खोलीत एवढा मोठा किडा कोणी आणला असता, सांगा बरं? आपल्याकडे तर आजेसासूबाईंनी झाडू घेतला असता.

आता या कथेतला अवघड भाग. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातल्या आल्फ्रेद द्रेफ्युस नावाच्या कॅप्टनवर जर्मनीला गुपितं विकल्याचा आरोप ठेवला गेला. तो ज्यू होता, मूळचा अल्सासचा. पुरावा खोटा होता, पण त्याला दोषी ठरवून दूर समुद्रातल्या एका बेटावर डांबलं. १८९८ मध्ये कादंबरीकार झोलाने उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला आणि देश दोन तटांत फाटला. सीमेवरच्या नाँसीत तर लष्कर म्हणजे देव. तिथे सैन्याविरुद्ध आणि ज्यू माणसाच्या बाजूने बोलणं म्हणजे गावाशी वैर घेणं.

गाले बोलला. तो आणि त्याची पत्नी आंरिएत, दोघंही प्रोटेस्टंट. आंरिएत तर अल्सासमधल्या पाद्र्याची मुलगी. कॅथलिक बहुसंख्येत थोड्यांपैकी असणं म्हणजे काय, हे दोघांना घरातूनच ठाऊक होतं. त्याने झोलाच्या बाजूने सही केली, मानवी हक्कांच्या संघटनेत उतरला. जुने स्नेही दुरावले, गिऱ्हाइकं तुटली. कारखानदाराने असल्या भानगडीत पडू नये, हा शहाणपणाचा सल्ला त्या काळी नाँसीतही मिळत असणारच.

१९०० च्या प्रदर्शनात, जिथे सगळे आपला उत्तम माल मांडतात, तिथे त्याने एक भट्टी उभारली आणि तिच्याभोवती फुटकी भांडी ठेवली. सोबत प्राचीन ग्रीक कवी हेसियडची वचनं: माणसं कपटाने वागणार असतील, तर अग्नीच्या भुतांनी यावं आणि ही भांडी फोडून टाकावीत, असा त्यांचा आशय. शेजारीच एक काळपट फुलदाणी होती, ‘काळी माणसं’ नावाची. चित्रकार मित्र व्हिक्तोर प्रुव्हे याने त्यावरच्या आकृत्या रेखाटल्या होत्या, खोटेपणा आणि द्वेष जमिनीखालून वर सरपटत येताहेत अशा. ज्या हातांनी पतंगाच्या मिशा कोरल्या, त्याच हातांनी हेही कोरून घेतलं. त्याच वर्षी नाँसीच्या विद्वत्सभेत बोलताना त्याने सजावटीतल्या प्रतीकांचा विषय घेतला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की फूल नुसतं सुंदर म्हणून काढायचं नसतं, त्याच्याकडून काहीतरी बोलवून घ्यायचं असतं. अनेकांना हा त्याचा अतिरेक वाटतो, आणि काही भांड्यांवर तो आहेही. इतका मजकूर कोरलेला असतो की फुलाला जागा उरत नाही. पण ती काळी फुलदाणी त्या वर्षी त्या ठिकाणी ठेवायला छाती लागते.

१९०१ मध्ये नाँसीच्या काचकारांना, सुतारांना, चित्रकारांना एकत्र करून त्याने ‘नाँसीचा संप्रदाय’ म्हणून ओळखली जाणारी संघटना काढली. २३ सप्टेंबर १९०४ रोजी तो गेला, वय ५८. द्रेफ्युस पूर्णपणे निर्दोष ठरला तो १९०६ च्या जुलैत. ती बातमी आंरिएतने एकटीने वाचली.

आणि कारखानाही तिनेच सांभाळला. चार मुली, पाठीशी मुलगा नाही, शेकडो माणसांचा पगार. नवरा गेल्यावर निघालेल्या काचेवर त्याच्या सहीशेजारी एक छोटी चांदणी कोरलेली दिसते. आज संग्राहक त्या चांदणीवरून भांड्याचं साल ठरवतात. १९१४ मध्ये आंरिएत वारली, त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. पुढे कारखाना रखडत चालला आणि १९३० नंतरच्या दशकात बंद पडला. तोवर फॅशनही बदलली होती. या वळणावळणांच्या कलेला फ्रेंच लोक थट्टेने ‘शेवयांची शैली’ म्हणू लागले होते.

फुलदाण्या कपाटांत गेल्या, लिलावांत गेल्या. पण नाँसीत काही काच अशी आहे जी कोणालाही फुकट पाहता येते. जाक ग्रुबेर नावाचा अल्सासचा कारागीर आधी दोम बंधूंच्या काचकारखान्यात होता, मग खिडक्यांकडे वळला. तो रंगीत थरांची काच ॲसिडने कोरून खिडकीत बसवायचा, म्हणजे फुलदाणीची युक्ती भिंतीवर आणली. १९०१ मध्ये त्याने नाँसीच्या एका बँकेच्या काउंटरवरचं सबंध छप्पर काचेचं केलं, त्यावर मोरवेलीच्या जातीतली क्लेमॅटिसची वेल पसरली आहे. पैसे भरायला आलेली माणसं मान वर करून उभी राहत असतील. आणि स्टेशनजवळ १९११ मध्ये उघडलेल्या एक्सेल्सियर नावाच्या खानावळीच्या खिडक्यांवर त्याने नेचे, पाईन आणि गिंको उतरवले. ती इमारत पाडायचं घाटत होतं, तेव्हा लोकांनी ओरड केली, आणि १९७६ मध्ये तिला संरक्षित वास्तूंच्या यादीत जागा मिळाली. आजही तिथे लोक नेच्यांच्या उजेडात बसून जेवतात.

गालेच्या वस्तूंचा मोठा संग्रह कोर्बें नावाच्या व्यापाऱ्याने १९३५ मध्ये शहराला देऊन टाकला. त्याच्याच बंगल्यात १९६४ पासून संग्रहालय आहे. ‘पहाट आणि सांज’ तिथेच आहे. आवारात गालेच्या कारखान्याचं जुनं लाकडी दार लावून ठेवलंय, चेस्टनटच्या पानांनी कोरलेलं. त्यावर त्याचं ब्रीद आहे, माझं मूळ रानाच्या आत खोलवर आहे, अशा अर्थाचं. आसपास झाडं आहेत, तेव्हा उन्हाळ्यात त्या दारावर खरे कीटकही येऊन बसत असणार.